इथे नको, साहेब

उडुपी हॉटेलाच्या भिंतींची वाटणी ठरलेली असते. गल्ल्याच्या वर देव, गल्ल्याच्या मागे दरपत्रक आणि हात धुण्याच्या बेसिनपाशी मनाईच्या पाट्या. ‘आरशासमोर केस विंचरू नयेत.’ ‘ताटात हात धुऊ नयेत.’ ‘बाहेरचे पदार्थ आणून खाऊ नयेत.’ ‘राजकीय चर्चा करू नये’ ही पाटी अलीकडे दिसत नाही. ती पाळली जाण्याची आशा मालकांनीच सोडली असावी. या सगळ्या पाट्या मालकाने हात पोळल्यावर रंगवून घेतलेल्या असतात, म्हणून त्यांत एक घरगुती वैताग असतो. एकच पाटी वेगळी. ती दिल्लीच्या नियमाने आलेली. निदान ६० सेंटिमीटर बाय ३० सेंटिमीटर, पांढऱ्या रंगावर लाल वर्तुळ, वर्तुळात धुमसणारी सिगारेट किंवा बिडी, तिच्यावर लाल पट्टा, आणि मजकूर असा की धूम्रपानास मनाई आहे, येथे धूम्रपान करणे गुन्हा आहे. हिच्या भाषेत वैताग नाही, सरकार आहे.

कुणी ओढताना दिसलाच तर तक्रार कोणाकडे करायची, त्याचे नावही ठळकपणे लावावे असा नियम आहे. बहुतेक ठिकाणी ती जागा कोरी असते. काही ठिकाणी तीन मॅनेजरांपूर्वी सोडून गेलेल्या मॅनेजरचे नाव असते. आमच्या भागातल्या एका हॉटेलात मालकाच्या वडिलांचे नाव आहे, आणि वडील शेजारच्याच चौकटीत चंदनाचा हार घालून, कपाळाशी लाल दिवा लावून विराजमान आहेत. तक्रार करायची तर हात जोडूनच करावी लागेल.

ही पाटी भिंतीवर येईपर्यंत बराच काळ गेला. त्याआधी हॉटेल आणि धूर यांना वेगळे काढायचे असते हे कुणाच्या डोक्यातच नव्हते. इराण्याच्या हॉटेलात तर चहा, ब्रून मस्का आणि सिगारेट तिन्ही एकाच छपराखाली मिळत. मराठी लघुकथेतल्या अर्ध्या नायकांचे वैफल्य इराण्याच्या संगमरवरी टेबलावरच्या बशीत विझलेले आहे. ती टेबले, त्या वाकवलेल्या लाकडी खुर्च्या आणि तो पिवळट उजेड यांच्याविषयी आपण फार हळवेपणाने लिहितो. मात्र त्या उजेडाच्या पिवळेपणात निकोटिनचा वाटा किती होता हे कुणी लिहीत नाही.

पुढे मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान बंद करण्याचा आदेश दिला. त्या यादीत रुग्णालये होती, शाळा-महाविद्यालये होती, ग्रंथालये, न्यायालये, सरकारी कचेऱ्या, रेल्वे आणि बसगाड्या होत्या. हॉटेल नव्हते. गोव्याने मात्र १९९७ सालीच आपला कायदा करून टाकला होता, आणि त्यात धूम्रपान व थुंकणे यांची एकत्रच सोय लावली होती. तोंडाचे दोन्ही व्यवसाय एका कायद्यात आणण्याची ही काटकसर मला फार आवडते. मग २००३ चा केंद्रीय कायदा आला, त्यात उपाहारगृहांचे नाव पडले, आणि नियम कडक होऊन लागू झाले ते २ ऑक्टोबर २००८ रोजी. तेव्हा आरोग्यमंत्री होते अंबुमणी रामदास. तंबाखू कंपनी आणि हॉटेलवाले न्यायालयात गेले, पण स्थगिती मिळाली नाही. मुहूर्त गांधीजयंतीचा. महाराष्ट्रात त्या दिवशी ड्राय डे. म्हणजे पहिल्या दिवशी राज्यातल्या तमाम परमिट रूममध्ये या नियमांचे शंभर टक्के पालन झाले. एवढे यश नंतर कधी मिळाले नाही.

त्या नियमांमधली खरी हुशारी दंडात नाही, ॲशट्रेत आहे. ॲशट्रे, काडेपेटी, लायटर असे ओढायला मदत करणारे काहीही हॉटेलवाल्याने पुरवायचे नाही. वाचताना हे कलम किरकोळ वाटते. पण ज्याने ओढणाऱ्या माणसाचा हात पाहिला आहे त्याला ते किती खोल जाते हे कळेल. ॲशट्रे समोर असला की माणूस बसतो. नसला की सिगारेटची राख वाढत जाते आणि माणसाची बेचैनी तिच्याबरोबर वाढते. तो इकडे बघतो, तिकडे बघतो, बशी पुढे ओढतो, मग वेटर बघतोय म्हणून पुन्हा मागे सारतो. जमिनीवर झटकावी तर नुकतीच पुसलेली फरशी. बायको सोबत असेल तर ती बघणार. पाच-सहा वर्षांच्या त्या बेचैनीने जे साधले ते पोलिसांना साधले नसते. नंतर हॉटेलांतून बशीच हद्दपार झाली, चहा काचेच्या ग्लासात नाही तर कागदी कपात येऊ लागला, आणि राखेचा शेवटचा आधारही गेला.

काडेपेटीचे तसे नाही. ती हॉटेलात असतेच, कारण गल्ल्यावरच्या गणपतीला उदबत्ती लागते. एखादे जुने गिऱ्हाईक गल्ल्याशी येऊन हात पुढे करते. ‘अण्णा, जरा काडी.’ अण्णा मान हलवतात. ‘देवाची आहे.’ यावर कुणाकडेच उत्तर नसते. नास्तिक माणूससुद्धा हात मागे घेतो.

दंड वसूल करण्याचे अधिकार कुणाकुणाला आहेत, ही यादी मी एकदा आवडीने वाचली. पोलीस तर आहेतच. शिवाय आपापल्या हद्दीत स्टेशनमास्तर आहेत, पोस्टमास्तर आहेत, मुख्याध्यापक आहेत, ग्रंथपाल आहेत. मुख्याध्यापकांचे ठीक, त्यांना सवय असते. पण आपल्या गावातले ग्रंथपाल एखाद्या धुराड्यापाशी जाऊन पावतीपुस्तक काढताहेत हे दृश्य डोळ्यांपुढे आणून बघा. आयुष्यभर ‘हळू बोला’ एवढेच दोन शब्द उच्चारलेला माणूस! आणि दंड किती? २०० रुपयांपर्यंत. २००३ साली कायदा झाला तेव्हाही तेवढाच, आणि आपल्याकडे तो अजून तेवढाच आहे. मुंबईत आता त्यात दोघांची पावभाजीही धड होत नाही. तुर्कस्तानचा चौथा मुराद सुलतान १६३३ साली तंबाखूवर बंदी घालून मोकळा झाला होता आणि दंड म्हणून मुंडकेच घेत होता. कॉफीची दुकानेही त्याने बंद केली. वेष बदलून रात्री स्वतः गस्त घालत असे, अशाही कथा आहेत. तरी तंबाखू उरली. सुलतान आणि दोनशे रुपये या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी अंमलबजावणीचे गाव असले पाहिजे, आणि माझ्या मते त्या गावाचा पाटील आहे वेटर.

कारण प्रत्यक्षात बोलावे लागते ते त्यालाच. कायदा संसदेने केला, नियम मंत्र्यांनी केले, पाटी मालकाने लावली. दंडाची जबाबदारीही मालकावर आहे. जेवढे लोक ओढताना सापडतील त्या हिशेबाने त्यालाही भुर्दंड बसू शकतो. म्हणून मालक ते काम मॅनेजरकडे ढकलतो आणि मॅनेजर वेटरकडे. शेवटी गावाकडून आलेला एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा, खांद्यावर फडके, हातात पाण्याचे चार ग्लास, एका मोटारवाल्या माणसासमोर उभा राहतो आणि भारत सरकारच्या वतीने बोलतो. ‘साहेब, इथे नको.’ त्याचा पगार, त्याची टीप आणि कधी कधी त्याचे कानशीलही त्या साहेबांच्या हातात असते.

म्हणून तो कायद्याचे नाव कधीच काढत नाही. मी बरीच वर्षे ऐकत आलो आहे. वेगवेगळ्या हॉटेलांत, वेगवेगळ्या तोंडून, पण ‘गुन्हा’ हा शब्द एकाही वेटरने उच्चारलेला आठवत नाही. ‘साहेब, एसी चालू आहे.’ ‘साहेब, शेट ओरडतात मला.’ ‘साहेब, कॅमेरा आहे वर.’ ‘साहेब, बाहेर खुर्ची टाकू का? हवा छान आहे.’ मे महिन्यात दुपारी दोन वाजता बाहेरची हवा छान आहे असे सांगणाऱ्या मुलाच्या मुत्सद्देगिरीपुढे परराष्ट्र खात्यानेही नमते घ्यावे. एक थोराड वेटर काहीच बोलत नसे. तो फक्त टेबल पुसायला यायचा. स्वच्छ टेबल पुन्हा पुसायचा. मग पुन्हा. तिसऱ्या पुसण्याला गिऱ्हाईक स्वतःच उठून बाहेर जायचे.

आपल्या चर्चेत मात्र हा वेटर कुठेच नसतो. आपण बोलतो ते ‘फॅमिली’बद्दल. बायका-मुले येतात, त्यांना त्रास नको. बरोबरच आहे. पण फॅमिली पाऊण तासात बिल देऊन जाते. धुरात दहा-बारा तास उभा राहतो तो हाच. आयर्लंडने २९ मार्च २००४ पासून पबमध्ये धूम्रपान बंद केले, सबंध देशात अशी बंदी आणणारे ते पहिले राष्ट्र, आणि त्यांनी हा कायदा मांडला तो कामगारांच्या आरोग्याचा म्हणून. गिऱ्हाइकाला आवडो न आवडो, बारमागे उभ्या असलेल्या माणसाला फुप्फुसे आहेत, एवढाच मुद्दा. कॅनडात ओटावा शहरात हीदर क्रो नावाची एक वेट्रेस होती. चाळीसहून जास्त वर्षे तिने हॉटेलांत ताटल्या उचलल्या. आयुष्यात स्वतः सिगारेट ओढली नाही. २००२ साली तिला फुप्फुसाचा कर्करोग निघाला. कामगार भरपाई मंडळाने तिचा दावा मान्य केला आणि उरलेली वर्षे ती देशभर हिंडून बोलत राहिली. २२ मे २००६ रोजी ती गेली, आणि तिच्या ओंटारिओ प्रांतात हॉटेलांतला धूर बंद करणारा कायदा लागू झाला ३१ मे रोजी. तिचे छायाचित्र मी पाहिले आहे. चेहरा अगदी ‘अजून काय आणू?’ विचारणारा.

आपण असे विषय निघाले की लगेच खाकरतो. खाकरणे हे मराठी मध्यमवर्गाचे जुने कायदेशीर हत्यार आहे. शेजारच्या टेबलावर धूर निघाला की आधी नाकाशी हात, मग रुमाल, मग बायकोकडे बघून मोठ्याने ‘काय हो, फारच कोंदट आहे नाही?’ आणि तरीही काही झाले नाही तर खोकला. तोही शेजाऱ्याला नव्हे, छताला उद्देशून. प्रत्यक्ष त्या माणसाला सांगायचे मात्र नाही. भीड ही भिकेची बहीण, असे आपले जुने लोक सांगून गेले, पण आपण दोघी बहिणींना जेवायला बरोबर नेतो.

खरी अंमलबजावणी मी पाहिली ती कोल्हापूरकडच्या रस्त्यावर, एसटी जिथे चहापाण्याला थांबते अशा एका हॉटेलात. पंख्याखाली एक रुबाबदार गृहस्थ. कडक पांढरे कपडे, बोटांत अंगठ्या, टेबलावर दोन मोबाइल. त्यांनी सिगारेट पेटवली तेव्हा वेटरने पाहिले, मालकाने पाहिले, आणि दोघांनी एकमेकांकडे पाहून काही पाहिले नाही असे ठरवले. शेजारी नऊवारीतल्या एक आजी नातवाला भजी फुंकून फुंकून भरवत होत्या. त्यांनी मान वळवली.

‘कुठलं म्हनायचं गाव, बाळा?’

गृहस्थांनी गाव सांगितले.

‘कुनाच्यातला?’

‘पाटलाच्यातला.’

‘मग असं करतंय व्हय पाटलाचं पोरगं? ल्हान लेकरू बसलंय हितं. जा, भाईर जाऊन वढ.’

गृहस्थ पन्नाशीचे होते. ते उठले, ‘चुकलं, आजी’ म्हणाले आणि दोन्ही मोबाइल टेबलावरच ठेवून बाहेर गेले. आजींनी पुढचे भजे फुंकले. गाव विचारायचे, मग घराणे विचारायचे, आणि मग हुकूम सोडायचा, हा क्रम मी विसरलेलो नाही. नियमांच्या परिशिष्टात पोस्टमास्तरांच्या आधी आजींचे नाव यायला हवे होते.

परदेशातले लोक शिस्तीचे, असे आपल्याला उगीच वाटते. अमेरिकेत मिनेसोटा राज्याने २००७ साली बारमध्ये ओढायला बंदी केली. कायद्यात एक बारीक सवलत होती. नाटकाच्या प्रयोगात नटांना ओढायला परवानगी. झाले! पुढच्या वर्षी काही बारमालकांनी जाहीर केले की आज आमच्याकडे ‘नाट्यरात्र’ आहे आणि दारात आलेले प्रत्येक गिऱ्हाईक नट आहे. नाटक काय, तर बारमध्ये लोक बसले आहेत आणि सिगारेट ओढताहेत. प्रवेश तोच, संवाद तेच, मध्यंतर नाही. आरोग्य खात्याने शेवटी डोळे वटारले आणि हा नाट्यमहोत्सव संपला. आपल्याकडे हे कुणाला सुचले असते तर राज्य नाट्यस्पर्धेची प्राथमिक फेरी परमिट रूममध्ये घ्यावी लागली असती. नेदरलँडमध्ये याहून गंमत. तिथल्या कॅफेत २००८ पासून तंबाखू बंद झाली, पण ज्या कॅफेत गांजा चालत होता तिथे निव्वळ गांजा चालू राहिला. त्यात तंबाखू मिसळली तर मात्र नियमभंग.

आपली पळवाट त्या मानाने सरळमार्गी आहे. तीस किंवा जास्त माणसे बसतील अशा हॉटेलला धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवता येते. त्या जागेला पूर्ण उंचीच्या भिंती हव्यात, आपोआप मिटणारे दार हवे, आतली हवा थेट बाहेर फेकणारी यंत्रणा हवी, आणि ती येण्याजाण्याच्या तोंडाशी नको. नंतर त्यात आणखी एक अट घातली गेली की तिथे काही वाढायचे नाही. हे ज्याने लिहिले तो मोठा मानसशास्त्रज्ञ असला पाहिजे. चहा नाही, चकणा नाही, गप्पांना टेबल नाही. नुसती सिगारेट. अशी एक काचेची खोली मी पाहिली. आत चार माणसे मत्स्यालयातल्या माशांप्रमाणे तोंड उघडत-मिटत उभी होती, एकमेकांच्या धुरात, एकमेकांकडे न बघता. त्यांच्यापैकी कुणाचाही चेहरा शौक करणाऱ्याचा नव्हता. दाढदुखीचे औषध घेणाऱ्याचा होता.

हुक्क्याला मात्र विनोदाने घेता येत नाही. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री मुंबईत कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या पबना आग लागली, १४ माणसे गेली, आणि अग्निशमन दलाच्या अहवालाने हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे बोट दाखवले. पुढच्या वर्षी राज्याने कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरांवर बंदी आणली. बंदी यायला आधी माणसे का जावी लागतात, हा प्रश्न पाटी रंगवणाऱ्याला विचारण्यात अर्थ नाही.

साध्या सिगारेटचे म्हणाल तर ती संपली नाही, दाराबाहेर गेली. मूळ कायद्याच्या व्याख्येत मोकळी जागा वगळलेली. नंतर नियमांनी बस थांबे, रेल्वे स्टेशने, स्टेडियम आत ओढली. पण हॉटेलची पायरी आणि तिच्यासमोरची पानाची टपरी यांच्यामधले पाच फूट अजून स्वतंत्र संस्थान आहे. टपरीच्या खांबाला काथ्याची पेटती दोरी टांगलेली, म्हणजे देवाची काडेपेटीही मागायला नको. आत शुद्ध हवेत इडली खायची तर आधी या संस्थानातून श्वास रोखून जावे लागते. गार्डन हॉटेलात तर वाद विचारूच नका. ‘वर आकाश आहे,’ गिऱ्हाईक म्हणते. वेटर वर बघतो. वर हॉटेलने लावलेली निळी ताडपत्री असते.

आमच्या नेहमीच्या खानावळीवजा हॉटेलातल्या वेटरला मी एकदा विचारले की सगळ्यांत अवघड कोण? पोलीस? पुढारी? त्याने मान हलवली. ‘त्यांचं काही नाही काका. मालकाचे दोस्त आले की पंचाईत.’ आणि त्याच संध्याकाळी ते आले. गल्ल्याजवळच्या टेबलावर, बरोबर पाटीखाली, भाऊ म्हणून कुणी. मालकाने हसून नमस्कार केला, दोन मटण थाळ्या सांगितल्या, आणि भाऊंनी खिशातून पाकीट काढले. मालक एकदम हिशेबाच्या वहीत शिरला. वेटर माझ्याकडे बघून किंचित हसला, आत गेला आणि बाहेर आला तो स्टीलची वाटी घेऊन. बडीशेप आणि खडीसाखर. ती त्याने अदबीने भाऊंसमोर ठेवली, शेजारी दात कोरायच्या काड्या ठेवल्या.

समोर बडीशेप आल्यावर महाराष्ट्रात माणूस बसत नाही. भाऊंनी सवयीने चिमूट तोंडात टाकली, न पेटवलेली सिगारेट कानामागे खोचली आणि चप्पल शोधत उठले. ते पायरी उतरून टपरीपाशी पोहोचले तेव्हा मालकाने वहीतून डोके वर काढले.

‘अरे, भाऊंना बडीशेप कुणी दिली? थाळी यायचीये ना अजून!’

‘चुकून गेली, शेट,’ वेटर म्हणाला. ‘बोलावतो मी त्यांना. ओढून होऊ दे.’